एफआयआरमधील कलमावरून गुन्ह्याचा वर्ग आणि शिक्षेची मर्यादा कशी ओळखावी

फौजदारी प्रकरणात घरातल्या कोणाचे नाव आले की सातारा जिल्ह्यातील कोणत्याही गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: "किती वर्षांचे कलम लागले आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर एका आकड्यात देणे धोक्याचे आहे. "सात वर्षांचे कलम आहे" एवढेच ऐकून घाबरलेले कुटुंब शेत गहाण टाकून कोणाही मध्यस्थाच्या हाती पैसे देते. उलट "तीन वर्षांचेच तर आहे" असे ऐकून निर्धास्त झालेला माणूस पोलिसांची नोटीस कपाटात ठेवतो आणि अटक होईपर्यंत वकिलाची पायरी चढत नाही. दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात. कलमात लिहिलेली वर्षे ही बहुतेक वेळा शिक्षेची कमाल मर्यादा असते. अटक होईल का, जामीन मिळेल का, खटला कोणत्या कोर्टात चालेल आणि प्रकरण आपसांत मिटवता येईल का, हे त्या आकड्यावरून नव्हे, तर वेगळ्या तरतुदींवरून ठरते. या तरतुदी सामान्य माणसाला वाचता येण्याजोग्या आहेत. वकिलाची गरज त्यामुळे संपत नाही, परंतु वकिलाला नेमके काय विचारायचे ते कळते.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्या कानावर तिथल्या गुन्ह्यांचे वर्ग आलेले असतात. तिथल्या अनेक राज्यांत गंभीर गुन्ह्यांची शिडीच केलेली असते आणि प्रत्येक पायरीला शिक्षेचा पल्ला ठरलेला असतो. उदाहरणार्थ, इलिनॉय राज्यात सर्वसाधारणपणे 'एक्स' वर्गाच्या गुन्ह्याला ६ ते ३० वर्षे आणि चौथ्या वर्गाच्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षे असा पल्ला आहे. आधी वर्ग पाहायचा आणि त्यावरून शिक्षा, अशी ती रीत आहे. आपल्या कायद्यात अशी एकच शिडी नाही. आपल्याकडे प्रत्येक कलमात त्या गुन्ह्याची शिक्षा स्वतंत्रपणे लिहिलेली असते, आणि दखलपात्र (पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, खटला कोणत्या कोर्टाचा, ही वर्गवारी दुसऱ्याच कायद्याच्या तक्त्यात दिलेली असते. त्यामुळे वाचनही दोन ठिकाणी करावे लागते.

आधी तारीख, मग कलम

एफआयआर हाती आली की कलमाच्या आधी घटनेची तारीख पाहावी. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. घटना त्या तारखेपूर्वीची असेल, तर फिर्याद नंतर दाखल झाली तरी गुन्हा आणि शिक्षा जुन्या दंड संहितेप्रमाणेच मोजली जाते. घटना घडली त्या वेळच्या कायद्यात जेवढी शिक्षा होती त्यापेक्षा अधिक शिक्षा कोणालाही देता येत नाही, ही हमी राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्येच आहे.

अडचण अशी की लोकांच्या तोंडी अजून जुने आकडे आहेत. पारावर बसलेला माणूस "तीनशे सात लावलाय" म्हणतो. नव्या संहितेत खुनाचा प्रयत्न हे कलम १०९ आहे. जुने ३०२ म्हणजे आता १०३, जुने ४२० म्हणजे ३१८(४), चोरीचे ३७९ म्हणजे ३०३(२), निष्काळजीपणाने मृत्यूचे ३०४-अ म्हणजे १०६(१) आणि पतीकडून होणाऱ्या छळाचे ४९८-अ म्हणजे ८५. ऐकीव आकड्यावर विसंबू नये. एफआयआरमध्ये कलमापुढे कोणत्या कायद्याचे नाव आहे ते पाहूनच पुढचे वाचन करावे, आणि कंसातील पोटकलमही सोडू नये, कारण ११८(१) आणि ११८(२) यांच्यातील अंतर तीन वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंतचे आहे.

पहिली अनुसूची

वर्गवारीचा तक्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत आहे. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर संपूर्ण कायदा विनामूल्य उपलब्ध आहे. तक्त्यात सहा रकाने आहेत: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि कोणत्या न्यायालयाने खटला चालवायचा. आपल्या एफआयआरमधील प्रत्येक कलमाची ओळ या तक्त्यात शोधावी आणि सहाही रकाने एका कागदावर उतरून काढावेत. मोबाइलवर नुसते वाचून जाण्यापेक्षा हाताने उतरवणे फार उपयोगाचे असते, कारण फरक तेव्हाच नजरेत भरतो.

सातारा-सांगली भागात बांधाच्या किंवा वाटेच्या भांडणात सर्रास दिसणारी कलमे घेऊन हे करून पाहू. एफआयआरमध्ये लिहिले आहे: भारतीय न्याय संहिता कलम ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५). पाच आकडे पाहून पाच शिक्षांची बेरीज करावीशी वाटते, पण तसे ते नाही.

कलम ११८(१) म्हणजे धोकादायक हत्याराने किंवा साधनाने दुखापत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कलम ११५(२) ही साधी दुखापत: एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; अदखलपात्र आणि जामीनपात्र. कलम ३५२ म्हणजे शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेला अपमान आणि ३५१(२) म्हणजे धमकी. दोन्हींची कमाल मर्यादा दोन वर्षे, आणि दोन्ही अदखलपात्र व जामीनपात्र. शेवटच्या ३(५) ला स्वतंत्र शिक्षाच नाही. अनेकांनी समान इराद्याने कृत्य केले तर प्रत्येक जण ते एकट्याने केल्याप्रमाणे जबाबदार, एवढेच ते सांगते. म्हणून बांधावर नुसता उभा असल्याचा दावा करणाऱ्या भावासाठी या यादीतील सर्वांत महत्त्वाचे कलम हेच असते, आणि नेमके तेच वाचायचे राहून जाते.

आता यातील चार गुन्ह्यांपैकी तीन अदखलपात्र असले तरी प्रकरण 'एनसी' (अदखलपात्र नोंद) राहत नाही. एक जरी कलम दखलपात्र असेल तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र धरले जाते. ११८(१) वगळले असते तर पोलिसांनी एनसी नोंदवून फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगितले असते आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता आला नसता. म्हणजे काठी होती की नुसते हात, कुऱ्हाडीचा दांडा होता की पाते, यावर सगळे प्रकरण फिरते. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पंचनामा यांना एवढे महत्त्व का, ते इथे कळते.

कलम नंतर बदलूही शकते. सिव्हिल हॉस्पिटलमधून एक्स-रेचा अहवाल आला आणि त्यात हाड मोडल्याचे निघाले, तर साधी दुखापत राहत नाही. हाड किंवा दात मोडणे, तसेच पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा दैनंदिन कामे करता न येणे, ही कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे. जुन्या कायद्यात हा काळ वीस दिवसांचा होता. त्यामुळे पहिल्या दिवशी वाचलेली वर्गवारी दोषारोपपत्र आल्यावर पुन्हा तपासावी.

शिक्षा मोठी म्हणून जामीन अवघड, असे नाही

लोकांची सर्वाधिक गफलत इथे होते. गंभीर दुखापतीच्या कलम ११७(२) ला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, तरीही तो गुन्हा जामीनपात्र आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर निष्काळजीपणे वाहन चालवून कोणाचा मृत्यू झाला तर लागणाऱ्या १०६(१) ला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तोही जामीनपात्र आहे. उलट चोरीला कमाल तीनच वर्षे असून तो अजामीनपात्र आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नसून तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते. या शब्दाने घाबरून गेलेल्या घरांना हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

अटकेबाबत आकड्याला मात्र महत्त्व आहे. कमाल शिक्षा सात वर्षांपर्यंत असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. पोलिसांनी अटकेची कारणे नोंदवावी लागतात, आणि अटक गरजेची नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहण्यास सांगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हेच बजावले होते. नोटीस पाळणाऱ्याला पुढे अटक करायची झाल्यास पोलिसांना त्याची कारणे लिहावी लागतात. नोटीस न पाळणाऱ्याने हे संरक्षण स्वतःच्या हाताने घालवलेले असते.

दुसरा महत्त्वाचा आकडा दहा वर्षांचा. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात कोठडीतील आरोपीविरुद्ध नव्वद दिवसांत, आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो दोषारोपपत्र येण्यापूर्वी करावा लागतो. कॅलेंडरवर ही तारीख खूण करून ठेवावी.

शिक्षेचे वाक्य शब्दशः वाचावे

कलमातील शिक्षेच्या वाक्यात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, "पर्यंत" आहे की "पेक्षा कमी नाही". "तीन वर्षांपर्यंत" याचा अर्थ एक दिवसापासून तीन वर्षांपर्यंत काहीही. तिथे न्यायाधीशाला मोकळीक आहे. "पेक्षा कमी नाही" असे असेल तर खाली मजबूत तळ घातलेला आहे. बलात्काराच्या कलम ६४ मध्ये दहा वर्षांपेक्षा कमी नाही अशी सक्तमजुरी असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. धोकादायक हत्याराने गंभीर दुखापतीच्या ११८(२) मध्ये जन्मठेप, किंवा एक वर्षापेक्षा कमी नाही आणि दहा वर्षांपर्यंत कैद, आणि शिवाय दंड असा पल्ला आहे.

दुसरी, "किंवा" आहे की "आणि". ११५(२) मध्ये कैद किंवा दंड आहे, म्हणून केवळ दंडावर प्रकरण संपू शकते. ३१८(४) मध्ये कैद आणि दंड आहे. दोषी ठरल्यास निव्वळ दंड भरून सुटता येत नाही.

तिसरी, पहिल्या गुन्ह्याची आणि पुन्हा केलेल्या गुन्ह्याची शिक्षा वेगळी आहे का. चोरीचे कलम ३०३(२) यासाठी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. पहिल्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास एक वर्षापेक्षा कमी नाही आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंड. आणि चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असून पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने ती परत केली, तर सामुदायिक सेवेची शिक्षा. ही शिक्षा नव्या संहितेत प्रथमच आली असून ती मोजक्याच किरकोळ गुन्ह्यांना लागू आहे. वर्गही त्यासोबत बदलतो: पाच हजारांच्या आतील अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. शेतातील मोटारीची केबल चोरीला गेली असता तिची किंमत पंचनाम्यात काय लिहिली जाते, हे म्हणून दोन्ही बाजूंनी लक्ष देऊन पाहण्याचे काम आहे.

कोर्टाच्या अधिकाराचीही मर्यादा असते

कलमाची कमाल मर्यादा एक आणि खटला चालवणाऱ्या कोर्टाची मर्यादा दुसरी. तालुक्याच्या ठिकाणी बसणारे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड देऊ शकतात. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कैद देता येते. सत्र न्यायाधीशांना कायद्यातील कोणतीही शिक्षा देता येते. मात्र मृत्युदंड उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. म्हणून कलम ११७(२) सात वर्षांचे असले, तरी दहिवडी किंवा मेढ्याच्या कोर्टात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चाललेल्या खटल्यात ते स्वतः तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाहीत. अधिक कडक शिक्षा हवी असे त्यांचे मत झाले, तर त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. "सात वर्षांचे कलम" हे शब्द किती अपुरे आहेत ते एवढ्यावरून समजावे.

तडजोडीचा प्रश्न याला लागूनच येतो. गावकीत वाद मिटला म्हणून खटला मिटत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये तडजोडपात्र गुन्ह्यांचे दोन तक्ते आहेत: काही गुन्हे संबंधित व्यक्ती स्वतः मिटवू शकते, जसे ११५(२) किंवा ३५२, काहींसाठी न्यायालयाची परवानगी लागते, जसे ३१८(४). आपल्या उदाहरणातील ११८(१) या तक्त्यांत नाही. बांधाचे भांडण मिटून दोन्ही घरे पुन्हा एका पंगतीला बसली, तरी त्या कलमासाठी उच्च न्यायालयाकडेच गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा आणि सांगलीच्या पक्षकारांची ती पायपीट वाचली आहे.

कलम दुसऱ्याच कायद्याचे असेल तर

अमली पदार्थ, वन, शस्त्र, वीज अशा विशेष कायद्यांची शिक्षा त्या त्या कायद्यात असते. त्या कायद्याने वर्गवारी स्वतः सांगितली नसेल, तर पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग पाहावा. तिथे सरळ कोष्टक आहे: मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षांहून अधिक शिक्षा असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र आणि सत्र न्यायालय, तीन ते सात वर्षे असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, तीन वर्षांपेक्षा कमी किंवा फक्त दंड असेल तर अदखलपात्र, जामीनपात्र आणि कोणतेही न्यायदंडाधिकारी. परदेशातील वर्गांच्या शिडीच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडची तरतूद हीच.

अमली पदार्थांच्या कायद्यात पल्ला वजनावर ठरतो. गांजा बाळगल्यास एक किलोपर्यंत एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, त्यापुढे वीस किलोंच्या आत दहा वर्षांपर्यंत, आणि व्यापारी प्रमाणात दहा ते वीस वर्षे व किमान एक लाख दंड. इथे वजनाचा पंचनामा म्हणजेच शिक्षेचा पल्ला.

दोषी ठरल्यावर प्रत्यक्ष शिक्षा कशी ठरते

दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकावे लागते. अनेक जण इथे हात जोडून "दया करा" एवढेच म्हणतात. त्याऐवजी वय, आजार, घरातील अवलंबून असलेल्या व्यक्ती, पूर्वी गुन्हा नसणे, जखमीला दिलेली भरपाई यांचे कागद तयार ठेवावेत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार, मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. एकवीस वर्षांखालील मुलांसाठी या कायद्यात अधिक जोर आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाच्या पहिल्याच भांडणात वकिलांना हा प्रश्न विचारायलाच हवा.

अनेक कलमांत दोषी ठरल्यास शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे निकालपत्रात लिहिलेले असते. "एकत्रित" लिहिले असेल तर दोन वर्षे आणि एक वर्ष मिळून दोनच वर्षे होतात. निकालापूर्वी कोठडीत काढलेले दिवस ठराविक मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात; ते दिवस निकालपत्रात बरोबर मोजलेत ना, ते पाहावे. दंड न भरल्यास होणारी कैद ही गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडही सांगितलेला आहे अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर शासनाने माफी दिली तरी किमान चौदा वर्षे तुरुंगात काढावी लागतात, एवढाच त्या चौदाचा संबंध. न्याय संहितेतील वीस वर्षांचा उल्लेख केवळ शिक्षेचे अंश मोजण्यासाठी आहे.

खटला लांबला आणि माणूस आतच राहिला, तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ आठवावे. मृत्युदंड किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याच्या बाबतीत एक तृतीयांश गेला, तर सुटकेचा मार्ग खुला होतो. मात्र एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत मिळत नाही. कोठडीतील व्यक्तीला, तसेच महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध अपील सत्र न्यायालयात तीस दिवसांत करावे लागते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध ते उच्च न्यायालयात साठ दिवसांत, आणि मृत्युदंड असल्यास तीस दिवसांत करावे लागते. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपील दाखल करता यावे म्हणून शिक्षा देणारे न्यायालयच त्याला तेवढ्या काळापुरते जामिनावर सोडू शकते. म्हणून निकालाच्या दिवशी जामीनदार आणि त्याची कागदपत्रे सोबत घेऊनच कोर्टात जावे.